बलाबलाचा निवाडा : पोकेमॉनमधील स्तररचनेचा इतिहास

खेळ रचणाऱ्यांनी जाणूनबुजून असमान घडवलेल्या जीवांमध्ये न्याय्य लढत कशी लावावी, हा प्रश्न संगणकीय खेळांच्या इतिहासात अनेकदा उभा राहिला आहे. परंतु त्याचा सर्वांत प्रदीर्घ आणि सर्वांत चिकाटीचा शोध ‘पोकेमॉन’ या जपानी खेळमालिकेभोवती घेतला गेला. भारतात हे नाव बहुतेकांना दूरचित्रवाणीवरील कार्टून मालिकेमुळे आणि पुढे डिसेंबर २०१६ मध्ये येथे अधिकृतपणे दाखल झालेल्या ‘पोकेमॉन गो’मुळे परिचित झाले. मूळ खेळ मात्र त्याच्या कितीतरी आधी, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी, निन्टेंडो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ अशा दोन आवृत्त्यांत प्रसिद्ध झाला होता. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता, आणि दोन गेम बॉय यंत्रे जोडणाऱ्या तारेतून हे जीव एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जावेत, ही त्यांची मूळ कल्पना होती. त्याच तारेने दोन खेळाडूंना एकमेकांविरुद्ध लढण्याचीही सोय करून दिली, आणि ज्या विषमतेचा एकट्याने खेळताना कोणालाही त्रास नव्हता ती या जोडणीमुळे पहिल्यांदा डोळ्यांवर आली.

या विषमतेचे कारण खेळाच्या घडणीतच होते. पहिल्या आवृत्तीत १५१ जीव होते आणि त्यांच्या शोधात भटकणे हाच खेळाचा गाभा होता. त्यामुळे वाटेतल्या गवतात सहज सापडणारा सुरवंट दुबळा आणि खेळ संपल्यावर गुहेच्या तळाशी भेटणारा जीव प्रचंड बलवान असणे स्वाभाविक, किंबहुना आवश्यक होते. प्रत्येक जीवाला प्राणशक्ती, हल्ला, बचाव, वेग आणि ‘विशेष’ असे पाच मूळ गुणांक दिलेले होते, त्यांपैकी ‘विशेष’ हा अंक आग, पाणी, वीज, मनःशक्ती अशा हल्ल्यांचा जोर आणि त्यांच्यापासूनचा बचाव या दोन्ही गोष्टी ठरवत असे. मॅजिकार्प या फडफडणाऱ्या माशाच्या पाच गुणांकांची बेरीज १८५ भरते, तर म्यूटू या प्रयोगशाळेत घडवलेल्या जीवाची ५९०. एकट्याने खेळणाऱ्या मुलाला या फरकात गंमत वाटते, कारण माशाला जपून वाढवले की त्याचा महाकाय गॅराडॉस होतो. पण समोर दुसरा माणूस बसला आणि दोघांनीही जिंकायचे ठरवले की १५१ पैकी बहुतेकांना जागाच उरत नाही.

म्यूटूचे वर्चस्व केवळ अंकांच्या बेरजेचे नव्हते, आणि ते नीट समजून घेणे पुढच्या साऱ्या इतिहासासाठी उपयोगाचे आहे. त्याचा ‘विशेष’ गुणांक १५४ होता, वेग १३० होता, आणि ‘अम्नीजिया’ नावाची एक चाल त्याला अवगत होती, जिच्या एकाच वापराने ‘विशेष’ दुप्पट होई, म्हणजेच हल्ला आणि बचाव एका दमात दुप्पट होत. त्याचा प्रकार मनःशक्तीचा होता आणि या प्रकाराला पहिल्या आवृत्तीत खरा प्रतिस्पर्धीच नव्हता : कीटक-प्रकारचे हल्ले त्याच्यावर प्रभावी होते, पण ते अतिशय कमी ताकदीचे होते, भूत-प्रकारचे हल्ले प्रभावी ठरावेत अशी सूचना खेळात होती, पण आज्ञावलीतील चुकीमुळे त्यांचा मनःशक्तीच्या जीवांवर काहीच परिणाम होत नसे. थोडक्यात, बळी तो कान पिळी हा न्याय येथे यंत्रानेच पक्का करून ठेवला होता, आणि तो मोडायचा तर खेळाच्या बाहेरून नियम आणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

असा पहिला नियम खुद्द आयोजकांनीच आणला. जपानमध्ये १९९७ साली भरलेल्या ‘निन्टेंडो कप’ स्पर्धेत म्यू आणि म्यूटू या दोघांना मज्जाव होता, खेळाडूने सहा जीवांचा संघ आणून त्यांतून तिघांना मैदानात उतरवायचे होते, प्रत्येक जीवाची पातळी ५० ते ५५ च्या दरम्यान असणे बंधनकारक होते, आणि निवडलेल्या तिघांच्या पातळ्यांची बेरीज १५५ च्या पुढे जाता कामा नये अशी अट होती. या शेवटच्या अटीत एक सुंदर विचार दडलेला आहे, कारण एका जीवाला ५५ व्या पातळीवर न्यायचे तर उरलेल्या दोघांना ५० वरच थांबावे लागे, आणि अशा रीतीने बळाची किंमत खेळाडूलाच दुसरीकडे मोजावी लागे. तरीही हा उपाय अपुरा होता. पातळीच्या अंकाने एकाच जातीचे दोन जीव तोलता येतात, दोन वेगळ्या जाती तोलता येत नाहीत.

जाती तोलायच्या कशाने, याचे पहिले भाबडे उत्तर मूळ गुणांकांची बेरीज हे होते, आणि अनुभवाने ते लवकरच खोटे पाडले. पहिल्या पिढीतील, म्हणजे पहिल्या खेळांतील, ड्रॅगनाइट या उडत्या ड्रॅगनची बेरीज ५०० आणि टॉरॉस या वळूची ४५० होती, परंतु गंभीर खेळाडूंच्या संघांत टॉरॉस जवळजवळ अनिवार्य ठरला आणि ड्रॅगनाइट मागे पडला. याची कारणे खेळाच्या बारीकसारीक नियमांत होती. पहिल्या पिढीत निर्णायक घाव, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे दुप्पट इजा करणारा फटका, बसण्याची शक्यता जीवाच्या मूळ वेगावर अवलंबून असे. टॉरॉसचा वेग ११० असल्याने त्याच्या पाचांतील एकाहून किंचित अधिक फटके निर्णायक ठरत. ‘हायपर बीम’ ही अतिशय जोरकस चाल खेळल्यावर एक फेरी विश्रांती घ्यावी लागे, पण प्रतिस्पर्धी त्याच घावाने गारद झाला तर ही विश्रांती माफ होई, आणि टॉरॉस नेमका या सवलतीवर जगत असे. त्याची ‘बॉडी स्लॅम’ ही नेहमीची चाल दहांतील तीन वेळा समोरच्याला लुळे करी. ड्रॅगनाइटपाशी मात्र स्वतःच्या प्रकाराला शोभेल अशी एकही जोरदार चाल नव्हती आणि बर्फाच्या हल्ल्याने त्याला चौपट इजा होई. तेव्हा कागदावरचे बळ आणि मैदानातले बळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे स्पर्धकांना पहिल्याच पिढीत कळून चुकले.

नोव्हेंबर १९९९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीने ‘विशेष’ गुणांकाचे हल्ला आणि बचाव असे दोन तुकडे केले, अंधार आणि पोलाद हे दोन नवे प्रकार आणून मनःशक्तीची मक्तेदारी मोडली आणि जीवांची संख्या २५१ वर नेली. या पिढीत स्नॉरलॅक्स हा झोपाळू अगडबंब जीव जवळपास प्रत्येक संघात दिसू लागला, पण त्याच्यावर बंदी आली नाही. त्याला रोखण्याच्या इतक्या पद्धती खेळाडूंनी रुळवल्या होत्या की त्याच्याभोवतीच डावपेचांची एक समृद्ध परंपरा उभी राहिली. सर्वत्र आढळणे आणि असह्य असणे यांतला भेद पुढे अनेक वादांचा कणा ठरला, आणि त्याचा पहिला धडा स्नॉरलॅक्सने दिला होता.

तिसरी पिढी नोव्हेंबर २००२ मध्ये आली आणि तिने प्रत्येक जीवाला ‘अबिलिटी’, म्हणजे कायम लागू असणारा अंगभूत गुण, दिला. याच पिढीत गुणांकांच्या बेरजेवरचा उरलासुरला विश्वासही मावळला, आणि त्यासाठी दोन जीवांची तुलना पुरेशी आहे. स्लेकिंग या आळशी माकडासारख्या जीवाची बेरीज ६७० होती, म्हणजे दंतकथेतील महाबली मानल्या गेलेल्या जीवांच्या तोडीची; पण त्याचा अंगभूत गुण असा की तो एक फेरी सोडून एक फेरीच हालचाल करू शके, आणि विरोधक त्याच्या रिकाम्या फेरीत हवे ते करून घेई. याउलट वॉबफेट या निळ्या, ओघळलेल्या आकाराच्या जीवाची बेरीज अवघी ४०५, हल्ल्याचा गुणांक ३३, आणि स्वतःहून हल्ला करणारी एकही चाल नाही. पण समोरच्या जीवाला माघार घेऊन दुसऱ्याला पुढे आणता येऊ नये, असा त्याचा अंगभूत गुण होता. विरोधकाने शरीराचा घाव घातला तर वॉबफेट तो दुप्पट परतवी, मनःशक्तीचा वा आगीचा घाव घातला तर तोही दुप्पट परतवी, आणि विरोधकाने हल्ला टाळून दुसरी एखादी चाल खेळली तर त्याला तीच चाल पुन्हापुन्हा खेळायला भाग पाडी. त्या निष्फळ फेऱ्यांत वॉबफेटचा मालक आपल्या दुसऱ्या जीवाला आणून त्याचे बळ निवांत वाढवून घेई. दोन्ही बाजूंनी वॉबफेटच आला आणि दोघांजवळ दर फेरीला थोडी प्राणशक्ती भरून देणारी वस्तू असली तर तो सामना कधीच संपत नसे. स्लेकिंग खालच्या स्तरांत गेला आणि वॉबफेट सर्वांत वरच्या, निषिद्ध स्तरात गेला, ही घटना या इतिहासातील पहिली मोठी वैचारिक झेप मानावी लागेल, कारण तिच्यात अंकांपेक्षा परिणामाला प्रमाण मानले गेले.

या काळापर्यंत स्तर, ज्यांना खेळाडू ‘टिअर’ म्हणतात, ते ठरवण्याचे काम मूठभर जाणत्या खेळाडूंच्या मतावर चाले. सर्वांत वर ‘उबर’, म्हणजे नेहमीच्या स्पर्धेत वर्ज्य असलेले जीव; त्याखाली ‘ओव्हरयूज्ड’, संक्षेपाने ‘ओयू’, हा मुख्य स्तर; आणि त्याखाली ‘अंडरयूज्ड’ किंवा ‘यूयू’, अशी ढोबळ मांडणी रूढ झाली होती. नावांत वापराचा उल्लेख असला तरी प्रत्यक्ष वापर मोजण्याचे साधन फारसे नव्हते. ते मिळाले इंटरनेटवरील लढत-यंत्रणांमुळे. जीव पकडून महिनोन्महिने वाढवण्याचे कष्ट वगळून खेळाडू हवा तो संघ काही मिनिटांत मांडून थेट लढू शकेल अशी ‘नेटबॅटल’, ‘शॉडी बॅटल’ आणि पुढे २०११ नंतर ‘पोकेमॉन शोडाउन’ ही साधने हौशी खेळाडूंनीच तयार केली, आणि डिसेंबर २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्मोगॉन’ या खेळाडूंच्या समुदायाने त्यांच्याभोवती नियमांची एक व्यवस्था बांधली. या यंत्रणांत प्रत्येक लढतीची नोंद राहत असल्याने कोणता जीव किती संघांत होता हे मोजता येऊ लागले, आणि जाणत्यांचे मत हळूहळू बाजूला सारून आकडेवारी पुढे आली.

या आकडेवारीचा उपयोग कसा केला गेला हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण न्याय्य वर्गवारीचा खरा शोध येथेच लागला. मुख्य स्तराची सीमारेषा मनाला येईल त्या टक्क्यावर न आखता एका प्रश्नातून काढली गेली : सामान्य खेळाडूने वीस लढती खेळल्या तर एखादा जीव त्याला निदान एकदा भेटण्याची शक्यता निम्मी असायला हवी, तर तो जीव किती टक्के संघांत असावा लागेल? गणिताने उत्तर येते ३.४१ टक्के. जो जीव यापेक्षा अधिक संघांत आढळतो त्याची तयारी प्रत्येक खेळाडूला ठेवावीच लागते, म्हणून तो मुख्य स्तरातला. जो कमी आढळतो तो खालच्या स्तरात मोकळा. आठव्या पिढीच्या काळात वीसऐवजी पंधरा लढतींचा निकष धरला गेला आणि सीमारेषा ४.५२ टक्क्यांवर गेली. शिवाय सर्वांचे संघ सारखे मोजले जात नाहीत. ज्यांचे मानांकन उंच त्यांच्या निवडीला जास्त वजन दिले जाते, जेणेकरून नवशिक्याच्या आवडीनिवडीने स्तर हलू नयेत. ठरावीक मुदतीने आकडे पुन्हा मोजले जातात आणि जीव वरखाली सरकतात. कुस्तीच्या आखाड्यात पैलवानाला वजनगटात बसवण्याआधी काट्यावर उभे करतात, तसा हा काटा आहे; फरक एवढाच की येथे काट्यावर जीवाचे बळ चढत नाही, खेळाडूंनी त्याच्यावर टाकलेला विश्वास चढतो.

एका स्तरातून जे उरले त्यांचा दुसरा स्तर, त्यातूनही उरले त्यांचा तिसरा, अशी ही उतरंड पुढे ‘रेअरलीयूज्ड’, ‘नेव्हरयूज्ड’ आणि त्याही खाली गेली, आणि प्रत्येक पायरीवर एक स्वतंत्र खेळ जन्माला आला, ज्यात वरच्या स्तरात क्षणभरही न टिकणारा जीव राजा होऊ शकतो. मात्र केवळ वापरावर सोडले तर एक पेच निर्माण होतो : काही जीव मुख्य स्तरात फारसे वापरले जात नाहीत, पण खालच्या स्तरात सोडले तर तिथे धुमाकूळ घालतात. त्यांच्यासाठी ‘बॉर्डरलाइन’ ही सीमेवरची यादी करावी लागली, जिच्यातील जीव वर खेळवता येतात आणि खाली वर्ज्य असतात. तेव्हा वापराची आकडेवारी जीवाला खाली आणू शकते, पण तो तिथे राहू द्यावा की नाही हे आकडे सांगू शकत नाहीत; त्यासाठी माणसांनी निर्णय घ्यावा लागतो.

हा निर्णय कोणी आणि कसा घ्यावा, याची कसोटी चौथ्या पिढीत लागली. सप्टेंबर २००६ मध्ये आलेल्या या पिढीत जीवांची संख्या ४९३ झाली आणि त्यांत गार्चॉम्प नावाचा जमिनीचा ड्रॅगन होता. तोपर्यंत निषिद्ध स्तरातील जवळजवळ सारे जीव दंतकथेतले, खेळात एकेकदाच भेटणारे होते. गार्चॉम्प हा कोणीही पकडून वाढवावा असा साधा जीव होता. त्याचा वेग १०२ होता, आणि हा अंक भोवतालच्या आकड्यांसह पाहिला तरच त्याचे मर्म कळते : झॅपडोस, जिराची, सॅलमेन्स, फ्लायगॉन अशा अनेक मातब्बरांचा वेग नेमका १०० होता, त्यामुळे दोन अंकांच्या जोरावर गार्चॉम्प त्या साऱ्यांच्या आधी घाव घाली. वाळूच्या वादळात त्याच्यावरचा पाचांतील एक घाव चुके, आणि त्या पिढीत असे वादळ टायरॅनिटारसारखे जीव मैदानात आणून संपूर्ण लढतभर टिकवू शकत. त्याची खरी दुबळी बाजू बर्फाची होती; पण ती इजा एकदा निम्मी करणारे एक फळ त्याच्या हाती दिले की प्रतिस्पर्ध्याचा हुकमी डाव फसे आणि त्या एका फेरीत सामना हातचा निसटे.

गार्चॉम्पला काढावे की ठेवावे यावर समुदाय दुभंगला, आणि त्यातून ‘सस्पेक्ट टेस्ट’, म्हणजे संशयित जीवाची चाचणी, ही पद्धत आकाराला आली. संशयिताला काही काळ वगळून किंवा आत घेऊन मानांकनाच्या लढती खेळवायच्या, त्यांत ठरलेल्या उंचीपर्यंत पोहोचणाऱ्यांनाच मताचा अधिकार द्यायचा आणि ठरलेल्या बहुमताने निर्णय घ्यायचा, असे तिचे स्वरूप होते. मत कशाच्या आधारावर द्यायचे यासाठी कसोट्याही शब्दबद्ध केल्या गेल्या : एखादा जीव फारसे कष्ट न घेता बहुतेक संघांचा फडशा पाडतो का, बहुतेक हल्ले सहजी पचवून समोरच्याला थकवतो का, किंवा स्वतः न लढता साथीदारांसाठी विजयाची वाट हमखास मोकळी करतो का. तिसरी कसोटी वॉबफेटला डोळ्यांसमोर ठेवूनच वाचावी अशी आहे. २००८ मध्ये गार्चॉम्प मताधिक्याने निषिद्ध ठरला, आणि त्याची जागा घेणाऱ्या सॅलमेन्सवरही पुढे तीच पाळी आली. एका खाजगी कंपनीने विकलेल्या खेळाचे नियम तो खेळणाऱ्यांनी पुरावा, चर्चा आणि मतदान यांच्या आधारे बदलावेत, ही गोष्ट लहान मानू नये; त्या खेळाडूंत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती, आणि त्यांनी घालून दिलेली शिस्त अनेक प्रौढ संस्थांना लाभत नाही.

पाचव्या पिढीने, म्हणजे सप्टेंबर २०१० नंतर, या शिस्तीपुढे वेगळाच प्रश्न टाकला. पॉलिटोड या सामान्य बेडकाला मैदानात येताच पाऊस पाडण्याचा अंगभूत गुण मिळाला, जो आधी फक्त कायोगर या निषिद्ध महाबलीकडे होता. हा पाऊस थांबत नसे, पाण्याच्या हल्ल्यांचा जोर दीडपट होई, आणि ‘स्विफ्ट स्विम’ हा गुण असलेल्या किंगड्रासारख्या जीवांचा वेग दुप्पट होई. येथे दोषी कोणाला धरायचे? पॉलिटोड एकटा दुबळा होता, किंगड्रा पावसावाचून मध्यम होता. धोका दोघांच्या संगतीत होता. २०११ मध्ये एका अनुभवी खेळाडूने मांडलेला तोडगा स्वीकारला गेला : पाऊस पाडणारा गुण आणि पावसात वेग वाढवणारा गुण एकाच संघात नसावेत, बाकी दोन्ही खुले. या संयुक्त बंदीमुळे पावसाचे संघ जगले आणि असंख्य जीव निषिद्ध होण्यापासून वाचले. विरोधकांचा आक्षेपही दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. अशा अटी वाढत गेल्या तर कोणताही जीव हवा तसा छाटून कोणत्याही स्तरात बसवता येईल, नवख्याला नियम पाठ करणे अशक्य होईल आणि वर्गवारीला अर्थ उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कालांतराने समुदायाचा कल शक्यतो साध्या, एका जीवावरच्या किंवा एका गुणावरच्या बंदीकडे झुकला, आणि तो कल योग्यच होता. याच पिढीत गार्चॉम्प पुन्हा एकदा निषिद्ध ठरला, पण वाळूत घाव चुकवणाऱ्या त्याच्या गुणावरच बंदी येताच तो दुसऱ्या गुणासह मुख्य स्तरात परतला.

ऑक्टोबर २०१३ च्या सहाव्या पिढीतील ‘मेगा’, म्हणजे लढतीपुरते बळ वाढवणाऱ्या, रूपांनी निषिद्ध स्तराची मूळ कल्पनाच उलटी केली. उबर ही आरंभी केवळ वर्ज्य जीवांची यादी होती, तिच्यात समतोल राखण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नव्हती. पण वर्षानुवर्षे खेळाडू त्या यादीतल्या जीवांनीही लढत राहिले आणि तो एक प्रिय स्तर बनला. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या आवृत्तीत रेक्वाझा या महाबली जीवाचे ७८० बेरजेचे मेगा रूप अवतरले. इतर जीवांना असे रूप घेण्यासाठी हातात ठरावीक दगड धरावा लागे, रेक्वाझाला ती अट नव्हती, म्हणून त्याचा हात दुसऱ्या उपयुक्त वस्तूसाठी मोकळा राही. त्याला निषिद्धांच्या स्तरातूनही घालवावे लागले आणि त्याच्यासाठी ‘एनीथिंग गोज’, म्हणजे काहीही चालेल असा, सर्वांत वरचा मजला बांधावा लागला. जिथे लोक मनापासून लढतात तिथे समतोलाची मागणी आपोआप उठते, हे यातून दिसते.

या सर्व काळात निर्मात्यांची अधिकृत स्पर्धा निराळ्या वाटेने चालली होती. २००९ पासून भरणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दोनविरुद्ध दोन अशी जोडीची लढत असते, तिथे वापरावर आधारलेले स्तर नाहीत. महाबली जीवांची एक मर्यादित यादी असते, आणि २०१०, २०१६, २०१९ व २०२२ या वर्षांप्रमाणे काही हंगामांत त्यांतले दोन प्रत्येक संघात चालतात, तर काही हंगामांत एकही चालत नाही. दरवर्षी नियम बदलून ताजेपणा राखायचा, हा त्यांचा मार्ग. या मार्गाचे सर्वांत संस्मरणीय फळ २०१४ साली वॉशिंग्टन येथे दिसले, जेव्हा दक्षिण कोरियाचा से जुन पार्क पाचिरिसू नावाची एक इवलीशी विद्युत् खार घेऊन विश्वविजेता झाला. तिच्या गुणांकांची बेरीज ४०५, म्हणजे वॉबफेटइतकीच. प्रतिस्पर्ध्याचे हल्ले स्वतःवर ओढून घेणारी चाल तिला येत होती आणि विजेचा हल्ला तिला इजा करण्याऐवजी प्राणशक्ती देत असे. तिच्या शेजारी विजेला चौपट घाबरणारा गॅराडॉस उभा राहिला की त्याच्यावर रोखलेली वीज खारीच्या पोटात जाई. एकास एक लढतींच्या स्तररचनेत पाचिरिसू तळाशी होती. तेव्हा कोणताही स्तर जीवाचा स्वभाव सांगत नाही, विशिष्ट नियमांखालची त्याची उपयुक्तता सांगतो; नियम बदलले की निवाडाही बदलतो.

नंतरच्या पिढ्यांत वादाचे केंद्र जीवांकडून नव्या यंत्रणांकडे सरकले. नोव्हेंबर २०१९ मध्ये आठव्या पिढीने आणलेली ‘डायनामॅक्स’, म्हणजे जवळजवळ कोणत्याही जीवाला तीन फेऱ्यांसाठी महाकाय करण्याची सोय, डिसेंबर संपण्याआधीच स्मोगॉनच्या मुख्य स्तरातून हद्दपार झाली, तर अधिकृत जोडीच्या स्पर्धेत तीच केंद्रस्थानी राहिली. नोव्हेंबर २०२२ च्या नवव्या पिढीतील ‘टेरास्टल’, म्हणजे लढतीत एकदा जीवाचा प्रकार बदलण्याची सोय, हिच्यावर आरंभीच कडाक्याची चर्चा आणि मतदान झाले, पण बंदी आली नाही.

या व्यवस्थेचे मूल्यमापन करताना तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. मताधिकार उंच मानांकनापुरता असल्याने निर्णय अखेर थोड्यांच्या हाती राहतो, आणि ते थोडे जे वापरतात तेच आकड्यांत उमटत असल्याने चुकीची समजूतही काही काळ आकड्यांचा आधार मिळवू शकते. परिषदा नेमून झटपट बंदी घालण्याची प्रथा वाढली तेव्हा निर्णयांना वेग आला आणि सहभाग घटला. निन्टेंडोने ही व्यवस्था मान्य वा अमान्य असे कधी म्हटले नाही, तरी साध्या खेळाडूंवर तिचे नियम समाजाच्या दबावाने लादले गेले, ही तक्रारही खरी आहे. परंतु हे सारे जमेस धरूनही पारडे या व्यवस्थेच्याच बाजूला झुकते. निर्मात्यांनी दुर्लक्षिलेल्या शेकडो जीवांना तिने लढायला जागा दिली, निकष आधी जाहीर करून मग निकाल देण्याचा पायंडा पाडला, वापराचे आकडे सर्वांसाठी खुले ठेवले, आणि चुकलेला निर्णय फेरविचारास आणण्याची वाट कधीही बंद केली नाही. जुन्या पिढ्यांच्या स्तरांवरही अद्याप मते घेतली जातात. चौथ्या पिढीच्या नियमांनी खेळताना गार्चॉम्प आजही निषिद्ध आहे. सहाव्या, सातव्या आणि आठव्या पिढीच्या मुख्य स्तरात तो कोणत्याही आक्षेपाशिवाय उतरतो.